प्रश्न पाण्याच्या जडपणाचा नाही, घाणीचा आहे

कोल्हापुरात नव्या कॉलनीत राहायला गेलेल्या कुटुंबाच्या दारात महिनाभरात जी माणसे येतात, त्यात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा हमखास असतो. त्याच्याकडे पेनाएवढे एक मीटर असते. तो आपल्या नळाचे पाणी ग्लासात घेतो, मीटर बुडवतो आणि आकडा दाखवतो. "बघा काका, एवढा टीडीएस! हे पाणी तुम्ही मुलांना पाजता?" त्यातूनही माणूस बधला नाही, तर दुसरा खेळ सुरू होतो. दोन ग्लास शेजारी ठेवायचे, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात यंत्रातले. दोन्हींत धातूच्या सळया सोडून वीज चालू करायची. मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी होते, गाळ तरंगतो, आणि यंत्रातले पाणी तसेच स्वच्छ राहते. घरातली बाई तोंडावर हात ठेवते. पंधरा-वीस हजारांचा सौदा तिथेच ठरतो.

हा खेळ नीट समजून घ्या, कारण आपल्या शहरातली पाण्याची सगळी चर्चा याच खेळावर उभी आहे. तो गाळ नळाच्या पाण्यात आधीपासून नसतो. पाण्यात क्षार विरघळलेले असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते, आणि त्या लोखंडाचा गंज पाण्यात दिसतो. यंत्रातल्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई तशीच राहते. म्हणजे पाण्यात मीठ आहे एवढेच त्याने सिद्ध केले. बाकी सगळी भीती.

त्या मीटरचेही तसेच. ते पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतू त्याला दिसत नाहीत. एक लिटर स्वच्छ पाण्यात गटाराचे चार थेंब टाका आणि पुन्हा मीटर बुडवा. आकडा जवळपास तोच येईल. पण त्या चार थेंबांत कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइड, सगळे असू शकते.

पाण्याच्या जडपणाला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणायचे. पाणी जमिनीतून, खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरते. मग साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर खार चढतो, बादलीला पांढरा थर धरतो. त्रास खरा आहे. पण तो कुठल्या पाण्याचा आहे? बोअरच्या. आपल्या शहराच्या नळाला येणारे पाणी सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाचे, धरणात साठलेले आणि नदीतून आलेले आहे. ते मुळात मऊ पाणी. जे लोक वर्षानुवर्षे नळाचे पाणी वापरत आले, त्यांना जडपणा हा शब्दच माहीत नव्हता. उपनगरांत जिथे पाईपलाईन नाही किंवा आली तरी पुरेसे पाणी नाही, तिथे बोअर मारले गेले आणि तिथून ही तक्रार सुरू झाली. त्या तक्रारीचे खरे उत्तर महापालिकेची पाईपलाईन आहे. आपण ते उत्तर यंत्राच्या दुकानात शोधतो.

बोअरच्या पाण्यातही जडपणापेक्षा मोठी भीती वेगळी आहे. ड्रेनेज नसलेल्या वस्तीत प्रत्येक घराला शौचालयाची टाकी, आणि तिथून पन्नास फुटांवर बोअर. ऊसपट्ट्यात खताचे नायट्रेट जमिनीत मुरते. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरे पाणी मिळत नाही म्हणून जास्त चालवून घ्या अशी सवलत तिथे नाही. बोअर असेल तर एकदा प्रयोगशाळेत ही तपासणी जरूर करून घ्या. मीटरवाल्याला नायट्रेट विचाराल तर तो विषय बदलेल.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे, आय.एस. १०५००. त्यात जडपणासाठी २०० मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा सांगितली आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल असेही म्हटले आहे. टीडीएससाठी ५००, आणि नाइलाज असेल तर २०००. जागतिक आरोग्य संघटनेने तर जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. आता त्याच मानकातली दुसरी ओळ पाहा. ई-कोलाय हा माणसाच्या आणि जनावरांच्या विष्ठेतला जंतू शंभर मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये. इथे "नाइलाज असेल तर" हा शब्द नाही. क्षारांना सूट दिली आणि विष्ठेला दिली नाही, याचा अर्थ मानक लिहिणाऱ्यांना कशाची भीती होती ते स्पष्ट आहे. आपण मात्र ज्याला सूट आहे त्यावर भांडतो आणि ज्याला सूट नाही त्यावर गप्प बसतो.

नळाच्या पाण्यात विष्ठा येते कशी? फिल्टर हाऊसमधून निघालेले पाणी बहुतेक वेळा ठीकच असते. वाट खराब आहे. जुन्या पेठांत पाण्याची पाईप आणि गटार शेजारी शेजारी, कुठे एकमेकांवरून जातात. चोवीस तास पाणी असते तर पाईप नेहमी भरलेली राहिली असती, आतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. आपल्याकडे चावीवाला चावी सोडतो, दोन-तीन तास पाणी येते, मग पाईप रिकामी. रिकाम्या पाईपला जिथे सांधा सैल असेल तिथून ती बाहेरचे पाणी ओढून घेते, आणि बाहेर असते गटार. त्यातून आपण शहाणे लोक नळाला थेट मोटर लावतो. मोटर पाणी ओढते तेव्हा पाईपमधली पोकळी आणखी वाढते. एका घराच्या मोटरमुळे गल्लीच्या टोकाच्या घरात घाण येते, आणि ते टोकाचे घर नेहमी गरिबाचे असते. सकाळी पहिले पाणी गढूळ येते, "पहिली बादली सोडून द्या" असे सुनेला शिकवले जाते. ही शिकवण म्हणजे आपण गटार पितो आहोत याची रोजची कबुली आहे, पण तिची तक्रार कुणी कागदावर करत नाही.

कारण ज्याच्या तक्रारीला वजन आहे, त्याच्या स्वयंपाकघरात यंत्र बसले आहे. प्राध्यापक, डॉक्टर, व्यापारी, नगरसेवक, अधिकारी, यांच्यापैकी नळाचे पाणी थेट पिणारे किती? जो शिकलेला, ज्याचे पत्र वर्तमानपत्रात छापून येते, ज्याच्या फोनला अभियंता उत्तर देतो, तो बाहेर पडला. मागे उरले ते लोक, ज्यांच्याकडे ना पंधरा हजार आहेत ना अभियंत्याचा नंबर. सार्वजनिक दवाखान्याचे हेच झाले, सरकारी शाळेचे हेच झाले. आता नळाचे होत आहे. श्रीमंत बाहेर पडला की सार्वजनिक गोष्ट मरते, कारण तिच्यासाठी भांडणारा उरत नाही.

आणि हे यंत्र तरी काय करते? आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर मोरीत सोडते. धरणातून पन्नास किलोमीटर आणलेले, शुद्ध केलेले पाणी आपण परत गटारात घालतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते, की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओला परवानगी देऊ नये. कोल्हापूरच्या नदीच्या पाण्याला तर त्याची गरजच नाही. जंतूंची भीती असेल तर उकळलेले पाणी पुरते. वीज खर्चायचीच असेल तर साधे यूव्हीचे यंत्र पुरते, तेही क्षार न काढता आणि पाणी न फेकता.

आता थोडे मागे सरून अख्ख्या शहराकडे पाहू. घराने जे केले, तेच शहराने केले आहे. काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आठवा. कित्येक दशकांची मागणी, आंदोलने, निवडणुका, पाचशे कोटींच्या घरातला खर्च. २०१४ च्या सुमारास काम सुरू झाले आणि २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, दूधगंगेचे पाणी पुईखडीला पोहोचले. शहराला आनंद झाला, तो योग्यच होता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिंगणापूर आणि बालिंगा ही उपसा केंद्रे पाण्याखाली गेली होती, गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या शहराला प्यायला थेंब नव्हता. पर्यायी स्रोत हवाच होता. माझा वाद पाईपलाईनशी नाही. त्या पाईपलाईनने आपल्या मनात जे घडवले, त्याच्याशी आहे. पाणी वरून येणार म्हटल्यावर पंचगंगा आपली राहिली नाही. ती आता फक्त सोडायची जागा झाली.

शहराचे सांडपाणी जयंती आणि दुधाळी या नाल्यांतून वाहते. कसबा बावड्याला रोजचे ७६ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणारे केंद्र आहे, दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचे. कागदावर आकडे चांगले आहेत. पण जोराचा पाऊस आला, पंप बंद पडला, वीज गेली, की जयंती नाला ओसंडून नदीत मिळतो, आणि शहरात अजून अशा वस्त्या आहेत ज्यांचे गटार कुठल्याच केंद्रापर्यंत जात नाही. त्यात साखर कारखान्यांची मळी, औद्योगिक वसाहतींचे पाणी. शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, प्रदूषण मंडळ नमुने घेते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच फोटो. हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. माशांना त्याची खबर लागलेली दिसत नाही.

कोल्हापूरच्या खाली इचलकरंजी आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची साथ आली. हजारो माणसे आजारी पडली, अनेकांचा जीव गेला. यंत्रमागावर काम करणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबे त्यात सर्वांत जास्त भरडली. दूषित पाण्याची कावीळ गरोदर बाईला कशी गिळते ते कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या नर्सला विचारा. त्या साथीत मीटर घेऊन कुणी टीडीएस मोजला असता, तर आकडा बहुधा ठीकच आला असता.

इचलकरंजी नदी शोधत फिरते आहे. दारातली पंचगंगा सोडून ती कृष्णेवर मजरेवाडीला गेली. मग वारणेचे पाणी मागितले, तर दानोळीच्या लोकांनी रस्ता अडवला. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना आली, तर कागल तालुका आणि दूधगंगाकाठ विरोधात उभा राहिला. त्या शेतकऱ्यांची भीती समजण्यासारखी आहे, धरणातले पाणी कमी झाले तर त्यांचा ऊस वाळतो. पण त्याच दूधगंगेचे पाणी कोल्हापूरच्या पाईपमधून रोज वाहते. आपण पाणी वरून घेतले, आपली घाण खाली दिली, आणि ती घाण नको म्हणून वरचे पाणी मागणारा शेजारी आता सगळ्यांना त्रासदायक वाटतो. इचलकरंजीही निष्पाप नाही. तिच्या प्रोसेसर्सचे रंगीत पाणी काळ्या ओढ्यातून त्याच नदीत जाते आणि कुरुंदवाड-शिरोळच्या माणसाच्या वाट्याला येते. प्रत्येक गाव वरच्याला शिव्या देते आणि खालच्याला घाण देते.

स्वयंपाकघरातले यंत्र, वीस लिटरचा जार आणि त्रेपन्न किलोमीटरची पाईपलाईन, या तिन्हींत पैशाचा फरक आहे, विचाराचा नाही. ज्याला परवडते तो सामायिक पाण्यातून बाहेर पडतो आणि उरलेल्यांना त्यांच्या नशिबावर सोडतो.

ज्या मातीत हे चालले आहे तिचा इतिहास वेगळा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले, ते सगळ्या रयतेसाठी. १९१९ मध्ये त्यांनी संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे आदेश काढले. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पिढीचा लढा पाणी सगळ्यांचे असावे यासाठी होता. पाणी सगळ्यांचे झाले, आणि लगेच ज्यांना शक्य होते त्यांनी स्वतःचे वेगळे पाणी केले. पूर्वी जात विचारून पाणी मिळायचे, आता पाकीट विचारून मिळते. आणि जातीने ज्यांना पूर्वी वेगळे ठेवले, पाकिटाच्या रांगेतही बहुतेक तेच शेवटी आहेत.

आता आपल्या समाजाला दोन शब्द, कारण दुसऱ्यांना बोलणे सोपे असते. आपल्याकडे पाणी पाजणे हे मोठे पुण्य मानले जाते. मोहरमला सबील लागते, सरबत वाटले जाते. कुणी वारले की त्यांच्या नावाने मशिदीत आरओचा कूलर बसतो, वर नावाची पाटी, खाली सदका-ए-जारिया. नियत चांगली आहे, शंका नाही. पण मशिदीच्या मागच्या गल्लीत गटाराशेजारून गेलेली पाईप गळते, तिथल्या पोरांना दर पावसाळ्यात जुलाब होतात, आणि त्यासाठी वॉर्ड ऑफिसला एक अर्ज द्यायला जमातीतून चार माणसे निघत नाहीत. हजरत उस्मान यांच्या रूमा विहिरीची गोष्ट आपण प्रत्येक बयानात ऐकतो. मदिनेत एका माणसाच्या मालकीची विहीर होती, तो पाणी विकायचा. हजरत उस्मान यांनी ती विकत घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. खासगी पाणी सार्वजनिक केले. आपण नेमके उलटे करतो, सार्वजनिक पाणी सडू देतो आणि खासगी कूलर दान करतो.

वुजूच्या मसल्यांत आपण पाण्याचा रंग, वास आणि चव बदलली का ते पाहायला शिकतो. शेकडो वर्षांपूर्वी माणसाकडे तपासायला एवढेच होते, आणि त्या काळी ते मोठे शहाणपण होते. आज आपल्याला माहीत आहे की काविळीच्या विषाणूला ना रंग आहे, ना वास, ना चव. मग पाकीची कळकळ खरी असेल तर ती क्लोरीनच्या तपासणीपर्यंत पोहोचायला नको का? वाहत्या नदीवरही पाणी उधळू नये अशी शिकवण असलेल्या समाजाच्या मशिदीत आरओची नळी दिवसभर मोरीत वाहते, याचे कुणालाच काही वाटत नाही. आमच्या हिंदू बांधवांचेही फार वेगळे नाही. कार्तिकी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात, डोळ्याचे पारणे फिटते. त्या उजेडात नाल्याचे तोंडही दिसावे एवढीच अपेक्षा आहे.

हे शहर ठरवले तर बदलते, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. गणपतीच्या मूर्ती नदीत सोडू नका असे म्हटले तेव्हा केवढा वाद झाला होता. आज कोल्हापूरकर मोठ्या संख्येने मूर्ती दान करतात, विसर्जन इराणी खणीत होते. लोकांनी स्वतःची श्रद्धा सोडली नाही, फक्त नदीला त्रास देणे सोडले. सामान्य माणसाने आपला वाटा उचलला. आता नाल्यांचा हिशेब महापालिकेने आणि कारखान्यांनी द्यायचा आहे, आणि तो मागायचा आपण आहे.

मागायचे काय? फार मोठे काही नाही. मानक सांगते की नळाच्या शेवटच्या टोकाला, ग्राहकाच्या दारात, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. तो असेल तर वाटेत घुसलेल्या जंतूंना थोडा तरी आवर बसतो. प्रत्येक प्रभागात, टाकीजवळ नव्हे तर गल्लीच्या शेवटच्या घरी, दर आठवड्याला हा क्लोरीन आणि ई-कोलाय तपासा आणि निकाल वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावा. बावडा आणि दुधाळीच्या केंद्रांतून रोज किती पाणी शुद्ध होऊन नदीत गेले आणि किती तसेच गेले, तेही लावा. कुठल्या गल्लीत पाईप गटारातून जाते त्याची यादी जाहीर करा आणि आधी तीच बदला. २०२० च्या अखेरीस महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात लोकांना विचारायला दारच नव्हते. म्हणून विचारायची सवयही गेली. ती परत लावून घेतली पाहिजे.

आणि महापालिकेची वाट न पाहताही एक गोष्ट करता येते. क्लोरीन तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा ओटी टेस्ट करतो. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. जंतूंसाठी छोटी बाटली मिळते, पाणी भरून ठेवायचे, दोन दिवसांत काळी पडली तर पाणी पिऊ नये. ज्या शहरात प्रत्येक गल्लीला तालीम आहे, प्रत्येक चौकाला मंडळ आहे, बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा एका छताखाली बसतात, त्या शहराला हे जड नाही. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीतल्या चार पोरांनी आणि तालमीतल्या चार पोरांनी मिळून गल्लीच्या शेवटच्या नळाची तपासणी करावी, तारीख टाकून वहीत लिहावी, वर्षभर. पन्नास आठवड्यांची ती वही घेऊन आयुक्तांच्या केबिनमध्ये गेलात, तर तुम्हाला टाळणे कठीण जाईल.

तोवर घरात आरओ असेल तर राहू द्या, मी कुणाला तो फेकून द्या म्हणत नाही. फक्त तो घेतल्याने आपला पाण्याचा प्रश्न सुटला, असे समजू नका. नळाला लावलेली मोटर मात्र आजच काढा, कारण तिची किंमत गल्लीच्या टोकाचे घर मोजते आहे.